ध्रुवीय समुद्रात मासेमारीच्या शास्त्रीय सफरीवर जायची संधी आलीय, जाऊ का?

लाटांची_वही
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

सागरी जीवशास्त्रात शिक्षण झालंय आणि गेली २ वर्षं प्रयोगशाळेत बसून माशांच्या कानातले खडे म्हणजे ओटोलिथ कापते, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरची वर्तुळं मोजते आणि वय लिहिते. हजारो खडे मोजले असतील पण ज्या माशातून ते निघतात तो मासा मी एकदाही ताजा पाहिलेला नाही. आता अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात टूथफिश हा खोल पाण्यातला मोठा मासा लांब दोराला गळ लावून पकडणाऱ्या एका लॉन्गलाईन बोटीवर शास्त्रीय निरीक्षक म्हणून जायचं विचारलंय, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ट्रेनिंग तेच देणार.

माझ्या शंका: एक तर मला बोट लागते, आणि चांगलीच लागते. दुसरं म्हणजे बोटीवर मी एकटीच बाई असेन असं दिसतंय. आणि तिसरी शंका जी झोपू देत नाहीये ती ही, की बोट मासे विकायला पकडणार आणि मी त्यावर बसून मोजमाप करणार, तर हे विज्ञान आहे की मासेमारीला विज्ञानाचं लेबल? कोणी गेलं असेल तर खरं खरं सांगा प्लीज.

ध्रुवतारा
काय विषय आहे! वाचतेय.

खारावारा
रॉस समुद्रात ३ हंगाम निरीक्षक म्हणून गेलोय, सविस्तर लिहितो.

अंटार्क्टिकाभोवतीची मासेमारी कॅमलार या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या नियमांनी चालते. करार १९८० चा, १९८२ पासून लागू, कचेरी होबार्टला. रॉस समुद्रातली टूथफिशची मासेमारी १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि तिथला साधा नियम असा की साठ्याची पुरती कल्पना नाही तोवर बेतानं पकडा आणि पकडता पकडता माहिती जमवा. म्हणून प्रत्येक बोटीवर किमान २ शास्त्रीय निरीक्षक, त्यातला एक आयोगाच्या योजनेतून आलेला, म्हणजे बोटीच्या देशाचा नसलेला.

हंगाम १ डिसेंबरला उघडतो. त्याआधी दक्षिणेला आठ-दहा दिवस नुसतं जायचंच, चाळीस अंशांपासून साठपर्यंत लाटा, मग बर्फाचा पट्टा, आणि बर्फात शिरलं की समुद्र असा काही गप्प होतो की पहिल्या दिवशी मला वाटलं इंजिन बंद पडलं. तिथे बोट लागत नाही कोणालाच :)

लाईन म्हणजे कित्येक किलोमीटरचा दोर, त्यावर हजारो गळ, प्रत्येकाला आमिष, आणि हे सगळं हजार-दीड हजार मीटरवर तळाशी. ५५० मीटरपेक्षा उथळ पाण्यात टाकायला बंदी आहे, तळावरचे स्पंज आणि प्रवाळ वाचावेत म्हणून. दोर वर यायला लागला की आपलं काम सुरू. काही वेळ नुसतं उभं राहून प्रत्येक गळावर काय आलं ते मोजायचं, टूथफिश, रॅटटेल-स्केटसारखे दुसरे मासे, की रिकामा गळ. मग बोटीतल्याच मासे कापायच्या फॅक्टरीत खाली जाऊन फळीवर लांबी, वजन, नर की मादी, गाभोळी किती पिकलीय, पोटात काय, आणि डोक्यात सुरी घालून तुमचे ते ओटोलिथ. गळाला चिकटून आलेले स्पंज-प्रवाळसुद्धा तोलायचे, हजार गळांच्या तुकड्यावर १० किलो किंवा १० लिटरच्या वर गेले की त्या जागेभोवती १ सागरी मैल त्रिज्येत मासेमारी बंद.

आणि टॅग. पकडलेल्या दर टनामागे एक मासा जिवंत टॅग करून सोडायचा. टूथफिशला हवेची पिशवी नसते, त्यामुळे दीड किलोमीटर खालून वर आणला तरी फुगून मरत नाही, म्हणून तर हे सगळं शक्य आहे. पाठीच्या पराच्या बुडाशी दोन बाजूंना दोन टॅग, लांबी घ्यायची, नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं लिहायचा, आणि डोकं खाली करून पाण्यात. पहिल्यांदा मी सोडलेला मासा शेपटी मारून सरळ काळ्या पाण्यात खाली गेला तेव्हा घशात काहीतरी आलं, खोटं कशाला बोलू.

निळाई
लाटांची_वही, तुमची तिसरी शंका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि मी विरोधातच लिहिणार आहे.

'शास्त्रीय' हा शब्द मासेमारीला लावला की माझा विश्वास उडतो. जपाननं दक्षिण महासागरात शास्त्रीय परवान्यावर वर्षानुवर्षं देवमासे मारले, त्यांचं मांस विकलं, आणि शेवटी ३१ मार्च २०१४ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाला सांगावं लागलं की तो कार्यक्रम ज्या पद्धतीनं चालला ती संशोधनासाठीची नाही. टूथफिश २ मीटरपर्यंत वाढतो, शंभर किलोच्या वर जातो, पन्नास वर्षांच्या आसपास जगू शकतो. इतका सावकाश वाढणारा जीव माणसाच्या ताटासाठी तिथून काढायची गरजच काय? मोजायचा असेल तर कॅमेऱ्यानं मोजा.

खारावारा
निळाई, गरज आहे का या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, ते आयोगाच्या टेबलावर बसलेल्या देशांनी द्यायचं. पण देवमाशांची तुलना मला पटत नाही. तिथे संशोधन हे परवान्याचं कारण होतं. इथे मासेमारी उघडपणे मासेमारी आहे, धंदा आहे, कोणी लपवत नाही, आणि निरीक्षक त्या धंद्यावर ठेवलेला डोळा आहे.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर दीड किलोमीटर खाली अंधारात, बर्फाखाली, लाखो चौरस किलोमीटरवर पसरलेले मासे कॅमेऱ्यानं नाही मोजता येत. टॅगची कल्पना सोपी आहे: आपण खुणा करून सोडलेल्या माशांपैकी पुढच्या वर्षांत किती परत गळाला लागतात त्यावरून एकूण किती असतील याचा अंदाज बांधायचा. खुणेचे मासे वारंवार दिसू लागले तर साठा आपल्याला वाटतो त्यापेक्षा लहान आहे, आणि मर्यादा खाली आणायची. रॉस समुद्रात वर्षाला साधारण ३००० टनांच्या आसपास मर्यादा असते ती या हिशोबातून येते. शिवाय १ डिसेंबर २०१७ पासून तिथे १५.५ लाख चौरस किलोमीटरचा संरक्षित भाग लागू आहे, ३५ वर्षांसाठी.

निळाई
उत्तर आवडलं, पटलं नाही. पण टॅगचा हिशोब पहिल्यांदा नीट कळला, त्याबद्दल आभार.

सुकाणू
मी निरीक्षक नाही, जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, काम केलंय. बोट लागण्याबद्दल एकच सांगतो, तीन दिवस सहन कर, कोरडं खा, पडून राहायचं असेल तर बोटीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर, क्षितिज दिसेल तेव्हा बाहेर. तीन दिवसांनी बहुतेकांचं शरीर शिकतं.

भीती लाटेची कमी, बर्फाची जास्त ठेव, आणि हिमनगापेक्षाही बोटीवर साचणाऱ्या बर्फाची. वारा जोरात, हवा शून्याच्या बरीच खाली, आणि उडणारा प्रत्येक तुषार रेलिंगवर, मास्टवर, दोर ओढायच्या विंच-यंत्रावर गोठत जातो. काही तासांत टनांनी वजन वर चढतं आणि बोट डोक्यानं जड होते, कलली की सावकाश परत येते. तो सावकाशपणा ज्यानं पायाखाली अनुभवलाय तो विसरत नाही. मग सगळे, कॅप्टनपासून स्वयंपाक्यापर्यंत, लाकडी हातोडे घेऊन बर्फ फोडतात. तू शास्त्रज्ञ असलीस तरी तुझ्या हातात हातोडा येणार, घे.

चढल्या दिवशी इमर्शन सूट, म्हणजे गार पाण्यात पडलं तर जीव वाचवणारा पोशाख, स्वतः घालून बघ, झिप वरपर्यंत लागते का, हुड बसतो का. दोन मिनिटांत, अंधारात, कुणाच्या मदतीशिवाय घालता आला पाहिजे. ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या जहाजांसाठी २०१७ पासून पोलर कोड ही नियमावली लागू आहे, पण मासेमारी बोटींना तो तेव्हा पूर्ण लागू झाला नाही, म्हणून कागदावर विसंबू नकोस, डोळ्यानं बघ.

ध्रुवतारा
सुकाणू, 'डोक्यानं जड होते' वाचून काटा आला.

कोळंबी_नव्हे_क्रिल
माझा अनुभव क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवाच्या सर्वेक्षणाचा, म्हणजे विकायचं काहीच नाही, फक्त मोजायचं. दिवसभर ठरलेल्या रेषांवर जहाज चालवायचं आणि तळाला लावलेल्या इकोसाउंडरनं ध्वनी सोडायचा, १२० किलोहर्ट्झच्या पडद्यावर क्रिलचे थवे लाल-तांबड्या ढगांसारखे उमटतात. पण पडदा फक्त ढग दाखवतो, त्यात आहे काय, कोणत्या लांबीचं, हे जाळं टाकल्याशिवाय कळत नाही. २०१९ मध्ये अनेक देशांच्या जहाजांनी मिळून दक्षिण अटलांटिक भागात असं मोजलं तेव्हा अंदाज ६.२६ कोटी टन निघाला.

जाळं वर आलं की घाई. क्रिल मेलं की त्याच्याच पोटातले पाचक रस त्याला आतून पचवायला लागतात, दोन-तीन तासांत चांगला नमुना हातातून जातो. म्हणून रात्री तीनला जाळं आलं तर तीनलाच उठायचं, २०० क्रिल एकेक करून चिमट्यानं उचलायचे, डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजायचे, नर-मादी बघायचं. ६ सेंटिमीटरचा जीव, काळे टपोरे डोळे. दीडशेव्या क्रिलनंतर मान दुखते आणि मन म्हणतं की उरलेले पन्नास साधारण असेच असतील. तिथेच थांबायचं नाही, उरलेले पन्नासही मोजायचे, कारण लहान पिल्लं नेमकी तळाशी उरतात.

निळाई यांना सांगावंसं वाटतं, विकणं नसलं तरी मारणं असतंच. प्रत्येक जाळ्यात.

प्रश्नचिन्ह
माझा भाबडा प्रश्न, तिथलं पाणी शून्याच्या खाली असतं तर मासे गोठत कसे नाहीत?

कोळंबी_नव्हे_क्रिल
अजिबात भाबडा नाही. समुद्राचं पाणी खारं म्हणून साधारण उणे १.९ अंशांपर्यंत द्रव राहतं, पण बहुतेक माशांचं रक्त उणे पाऊण अंशाच्या आसपासच गोठेल. तिथल्या माशांच्या रक्तात गोठणरोधक प्रथिनं असतात, ती बर्फाच्या बारीक कणांना चिकटून त्यांना वाढू देत नाहीत. आर्थर डेव्हरीज यांनी १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर काम करून हे शोधलं. टूथफिशच्या रक्तातही ती आहेत.

याहून पुढची गोष्ट आइसफिशची. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. साउथ जॉर्जिया बेटाजवळच्या तळजाळ्याच्या सर्वेक्षणात मी पहिल्यांदा कापला तेव्हा कल्ले मलईसारखे पांढरे आणि बोटांवर आलेलं रक्त पाण्यासारखं. बराच वेळ मी बोटांकडेच बघत होतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि या माशाचं हृदय मोठं असतं, रक्तही भरपूर, म्हणून भागतं. आणि २०२१ मध्ये पोलारस्टर्न जहाजावरून वेडेल समुद्रात तळाजवळ ओढलेल्या कॅमेऱ्यात याच कुळातल्या माशांची घरटी दिसली, एकापुढे एक, गोल खळगे, अंदाज ६ कोटी घरट्यांचा!

निळाई
बघा, कॅमेऱ्यानं मोजलं ना शेवटी :)

कोळंबी_नव्हे_क्रिल
हो, हा मुद्दा तुमचा, मान्य!

उत्तरेकडची
सगळे दक्षिणेलाच गेले, म्हणून मी वरच्या टोकाचं लिहिते. बॅरेंट्स समुद्रात हिवाळी सर्वेक्षणाला गेले होते, नॉर्वे १९८१ पासून दर हिवाळ्यात करतं. तिथे रॉस समुद्राच्या उलट, जानेवारीत सूर्य नाहीच. दुपारी बाराला थोडा निळा उजेड, मग परत काळोख, आणि डेकवरच्या पिवळ्या दिव्यांत जाळं वर येतं, आजूबाजूला शेकडो फुल्मार पक्षी. ठरलेल्या ठिकाणी ठरलेलं जाळं ठरलेला वेळ ओढायचं, मासे भरपूर असोत की नसोत. कोळ्याला हे वेडेपणाचं वाटतं, मासा नाही तिथे जाळं का टाकता? पण शून्यसुद्धा मोजलेला आकडा असतो, आणि तो मिळवायला तितकीच थंडी खावी लागते. माझं आवडतं काम कॉडची पोटं उघडणं, कॅपलिन हा छोटा मासा निघतो, कोळंबी निघते, छोटे कॉडसुद्धा निघतात. तिथल्या पोटांची नोंद नॉर्वे आणि रशिया मिळून १९८४ पासून ठेवतायत.

निळाईंसाठी अजून एक. आर्क्टिकच्या मध्यभागी, २८ लाख चौरस किलोमीटरवर, ९ देश आणि युरोपीय संघानं मासेमारी सुरू होण्याआधीच थांबवलीय, करार २०१८ चा, लागू २०२१ पासून, निदान १६ वर्षं. आधी अभ्यास, मग काय ते ठरवू. मला हे फार मोठं वाटतं.

आता लाटांची_वही, तुझ्या दुसऱ्या शंकेकडे कोणी आलंच नाही. एकटी बाई असणं. मी टूथफिशच्याच एका बोटीवर, नाव नाही लिहीत, ७० दिवस एकटी होते. खलाशी चांगले होते, खरंच चांगले, पण त्रास वेगळ्याच ठिकाणी झाला. मोठा मासा टॅग करायचा तर लाईन थोडी थांबवावी लागते, दोन माणसं लागतात, झोळीत उचलावा लागतो, पन्नास किलोचा मासा तडफडतो. लहान मासा एक माणूस एका मिनिटात टॅग करतो. तर डेकबॉस, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रोज म्हणायचा, लहानच घे ना, नियमात संख्याच लिहिलीय. हसत म्हणायचा. दिवसातून दहादा. आणि जेवायला त्याच टेबलावर बसायचं असतं.

तर नियमात नुसती संख्या नाही. पकडलेल्या माशांच्या लांब्या आणि टॅग केलेल्यांच्या लांब्या किमान ६० टक्के जुळल्या पाहिजेत, हा नियम आलाच यासाठी की लहानच टॅग केले जायचे आणि सगळा हिशोब वाकडा व्हायचा. मी ते कागदावर काढून त्याला दाखवलं, नाही चाललं. मग कॅप्टनकडे गेले, तेव्हा झोळी मिळाली. पण पुढचे चार दिवस टेबलावर माझ्याशी कोणी बोललं नाही आणि ते चार दिवस मला सगळ्या वादळांपेक्षा लांब गेले. दार आतून लागणारी स्वतःची केबिन आहे का ते आधी विचार, घरच्यांशी आणि समन्वयकाशी थेट संपर्क करता येईल का ते लेखी घे. आणि पहिल्याच दिवशी, भांडण नसताना, टॅगबद्दल डेकबॉसशी बोलून टाक.

खारावारा
उत्तरेकडची यांना पूर्ण अनुमोदन. मी हे लिहायला हवं होतं. लहान मासे टॅग करण्याचा आग्रह माझ्याही एका सफरीवर झाला आणि पहिले काही दिवस मी मान तुकवली. त्या दिवसांचे आकडे अजून डोक्यात आहेत.

शिडाचं_होडकं
सगळे गंभीर झाले म्हणून विचारतो, पेंग्विन येतात का बोटीवर?

खारावारा
बोटीवर नाही, पण बर्फावर उभे राहून दोर वर येताना टक लावून बघतात. आमचे दोन निरीक्षक आणि बर्फावरचे चौदा, एकूण सोळा, असं आम्ही म्हणायचो. पक्ष्यांवरून आठवलं, १९९० च्या दशकात दक्षिण महासागरातल्या लाईनींवर अल्बट्रॉस आणि पेट्रेल हजारोंनी अडकून बुडायचे. मग दोरावर फडफडत्या पट्ट्या, रात्री लाईन सोडणं, दोराला वजनं, असे नियम आले आणि कॅमलारच्या नियमांत चालणाऱ्या बहुतेक मासेमारीत ते मरण जवळपास थांबलं. रॉस समुद्रात उन्हाळ्यात रात्रच नसते, म्हणून दोर सेकंदाला ०.३ मीटर वेगानं बुडतो का याची चाचणी घ्यावी लागते. ६० अंशांच्या दक्षिणेला माशांची आतडी-डोकी समुद्रात टाकायलाही बंदी, सगळं साठवून परत आणायचं. या नियमांच्या मागे निरीक्षकांनी मोजलेले मेलेले पक्षी आहेत, एकेक.

लाटांची_वही
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. केबिनचं विचारलं, आतून कडी आहे. समन्वयकाचा संपर्क लेखी मिळाला. जातेय.

ध्रुवतारा
सुखरूप जा, सुखरूप या!

लाटांची_वही
धागा वर काढतेय, मार्चमध्ये. परत आले.

सुकाणू, तीन नाही, पाच दिवस लागले, पण शिकलं शरीर. हातोडाही आला हातात, दोनदा. उत्तरेकडची ताई, पहिल्या संध्याकाळी डेकबॉसला चहाच्या वेळी गाठून टॅगचं बोलले, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला झोळी दुरुस्त करायला हवी, दुसऱ्या दिवशी स्वतः शिवली. माझं नशीब चांगलं होतं हे मला कळतंय.

एक दिवस लिहायचाच आहे. जानेवारी, रात्रीचे दोन, बाहेर लख्ख ऊन. मी गळ मोजत होते आणि दोरावर एक मोठा मासा आला, पाठीवर काहीतरी पिवळं. माझ्या आधी रोलरवरचा खलाशी ओरडला. टॅग होता, एकच, दुसरा कधीतरी गळून गेलेला, तिथे बारीक वण. दोन टॅग का लावतात ते त्या वणाकडे बघून समजलं, एकच लावला असता तर या माशाची ओळख अर्ध्या वेळा समुद्रातच राहिली असती. १३९ सेंटिमीटर, मादी. नंतर माहिती आली, ६ वर्षांपूर्वी सोडली होती तेव्हा १२४ होती, आणि आता सापडली ती त्या जागेपासून जेमतेम २० किलोमीटरवर. सहा वर्षं बर्फाखाली तिथल्या तिथेच होती ती.

निळाई
परत सोडली का तिला?

लाटांची_वही
नाही. टॅग असलेला मासा परत सापडला तर सोडायचा नाही असा नियम आहे, त्याचा ओटोलिथ हवा असतो. सोडल्यापासून किती वर्षं गेली ते नक्की माहीत असल्यामुळे वर्तुळं बरोबर मोजतोय का ते अशाच माशांवरून पडताळता येतं. मीच काढला. दोन वर्षं जे खडे टेबलावर मोजले ते कुठून येतात ते हातात घेऊन पाहिलं, कोमट नव्हतं काहीच, सगळं बर्फासारखं गार. त्या लाईनवर आम्ही सहा मासे टॅग करून सोडले, त्यातले दोन तिच्याएवढे. तुम्हाला हे पटणार नाही हे माहीत आहे, आणि मलाही त्या रात्री झोप लागली नाही.

निळाई
नाही पटलं. पण तुम्ही हे न लपवता लिहिलंत. त्या दोन मोठ्या माशांचं पुढे काही कळलं तर इथे नक्की लिहा, दहा वर्षांनी कळलं तरी.

लाटांची_वही
लिहीन. नंबर माझ्या वहीत आहेत.

नवा_खलाशी
आत्ताच धागा वाचून काढला, मला पुढच्या हंगामासाठी विचारणा झालीय. हातमोजे किती जोड न्यायचे?

लाटांची_वही
रबरी बारा जोड, आणि आत घालायचे लोकरीचे सहा, ते वाळतच नाहीत. पेन्सिलीही न्या, पेनातली शाई गोठते.